टो, टोचन आणि मागची गाडी

एखादे वाहन दुसऱ्या वाहनाला दोर, साखळी, दांडा किंवा क्रेनच्या साहाय्याने जोडून ओढत नेण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘टो’ म्हणतात. हा एकाक्षरी शब्द मोटारीबरोबर भारतात आला आणि पोलिसांच्या भाषेत, गॅरेजमध्ये, विम्याच्या कागदपत्रांत आणि कायद्याच्या कलमांत इतका मुरला, की त्याला पर्याय शोधण्याची गरज कोणाला फारशी वाटली नाही. त्याचा उच्चार ‘गो’ या शब्दाशी यमक जुळणारा, म्हणजे ‘टो’ असाच आहे. स्पेलिंग पाहून ‘काउ’च्या धर्तीवर केला जाणारा ‘टाउ’ हा उच्चार चुकीचा आहे. या शब्दाचा अर्थ कोशात एका ओळीत मावतो, मात्र त्या ओळीत न मावणारा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण ‘टो’ या क्रियेत ओढणाऱ्यापेक्षा ओढल्या जाणाऱ्या वाहनाची अवस्था निर्णायक ठरते. त्याचे सुकाणू कोणाच्या हाती आहे, त्याचे ब्रेक चालतात की नाही आणि त्याची चाके जमिनीवर आहेत की हवेत, यावर त्या क्रियेचे तंत्र, तिचा धोका आणि कायद्यातील तिचे स्थान अवलंबून असते.

ओढल्या जाणाऱ्या वाहनांचे सगळे प्रकार एकत्र पाहायचे झाल्यास आदिलाबाद जिल्ह्यासारखा दुसरा प्रदेश सहसा सापडणार नाही. पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातून तेलंगणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ (२०१० च्या फेरक्रमांकनापूर्वीचा क्रमांक ७) गुडीहत्नूर, इच्चोडा, नेरडीगोंडा या मंडलांतून निर्मलकडे जातो आणि उत्तर भारतातून हैदराबाद-बंगळूरकडे निघालेली अवजड मालवाहतूक दिवसरात्र त्यावरून चालते. त्याच महामार्गाला बेला, जैनथ, तामसी, तलमडुगू या कापूसपट्ट्यातल्या गावांचे रस्ते येऊन मिळतात आणि हंगामात त्यांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ आदिलाबादच्या बाजार समितीकडे लागते. इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूरला पौष अमावस्येच्या नागोबा जत्रेसाठी मेसराम कुळातील गोंड कुटुंबे बैलगाड्यांनी जातात. ट्रेलर, ट्रॉली आणि बैलगाडी ही ओढल्या जाणाऱ्या वाहनांची तीन युगे इथे एकाच रस्त्यावर एकमेकांना बाजू देत चालतात.

हा प्रदेश भाषेच्या दृष्टीनेही मिश्र आहे. पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्याकडे आले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, पण पैनगंगेकाठच्या गावांतली मराठी त्यामुळे हटली नाही. २०१४ मध्ये तेलंगण झाले, २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी नदीच्या दोन्ही तीरांवर बैलगाडीला ‘बंडी’च म्हणतात. विदर्भातल्या मराठीत हा शब्द रूढ आहे आणि तेलुगूतही गाडीला ‘बंडी’च म्हणतात. ओढण्याच्या क्रियेला मात्र दोन्ही भाषांत आपापले जुने शब्द आहेत. मराठीत ओढणे, खेचणे, फरफटवणे, तेलुगूत ‘लागु’ हे क्रियापद. असे असूनही बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून न्यायची वेळ आली, की मराठी, तेलुगू, हिंदी, दखनी असा कोणताही भाषक असलेला ट्रकचालक ज्या शब्दाकडे वळतो तो शब्द म्हणजे ‘टोचन’.

‘टोचन करणे’, ‘टोचन लावणे’, ‘टोचन करून नेणे’ हे प्रयोग महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांतही सर्रास आढळतात. कानाला हा शब्द ‘टोचणे’ या मराठी क्रियापदाचा भाऊ वाटतो आणि त्यामुळेच तो इतक्या सहजतेने पचला असावा, परंतु टोचण्याशी त्याचा काही संबंध दिसत नाही. ‘टो’ आणि ‘चेन’ या दोन इंग्रजी शब्दांची चालकांच्या तोंडी झालेली ही जुळणी असल्याचे उघड आहे, कारण ओढण्यासाठी वापरायची साखळी हा त्याचा मूळ अर्थ पुष्कळ ठिकाणी अजून टिकून आहे. पुढे साखळीचे नाव क्रियेला मिळाले, मग साखळीच्या जागी पट्टा किंवा दांडा आला तरी ती क्रिया ‘टोचन’च राहिली. पंजाब-हरियाणात तर दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जोडायचे आणि कोण कोणाला खेचतो ते पाहायचे, या स्पर्धेचे नावच ‘टोचन’ आहे. इंग्रजी शब्दाला इतके देशी वळण देणाऱ्या चालकवर्गाची ही निर्मिती भाषातज्ज्ञांनी घडवलेल्या कोणत्याही पर्यायी शब्दापेक्षा सरस आहे, असे म्हणायला हरकत नाही.

खुद्द इंग्रजीत हा शब्द मोटारीपेक्षा कित्येक शतकांनी जुना आहे. प्राचीन इंग्रजीतील ओढणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला आणि बंदरातल्या मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या ‘टग’ बोटीचे नावही त्याच कुळातले आहे. रस्त्यावर येण्यापूर्वी तो पाण्यावर होता. कालव्यातील नाव काठावरून चालणारे घोडे किंवा माणसे दोराने ओढत आणि त्या काठच्या वाटेला ‘टोपाथ’ म्हणत. कोणाला सोबत घेऊन येणे या अर्थाचा ‘इन टो’ हा वाक्प्रचारही तिथलाच आहे. याच स्पेलिंगचा आणखी एक शब्द आहे, पण तो वेगळ्या मुळाचा असून अंबाडी-जवसासारख्या झाडांच्या आखूड, भरड धाग्यांना तो लावतात. पिवळसर, पेंढ्यासारख्या केसांचे वर्णन इंग्रजीत ‘टो’ शब्दाने होते ते या दुसऱ्या शब्दामुळे. आणखी एक घोटाळा भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत नेहमी दिसतो. पक्षाच्या आज्ञेत राहणे या अर्थाच्या वाक्प्रचारात ओढण्याचा ‘टो’ छापला जातो, वास्तविक तिथे पायाच्या बोटाचा ‘टो’ हवा, कारण आखलेल्या रेषेला पायाची बोटे टेकवून उभे राहणे ही त्यामागची मूळ कल्पना आहे.

मोटारीपूर्वीच्या ओढीचे गणित बैलगाडीवरून चांगले कळते. बैल दीर्घकाळ सलग लावू शकतो तो जोर त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा असतो, म्हणजे चारशे किलोचा बैल सुमारे ४० किलोच्या जोराने आणि जोडी सुमारे ८० किलोच्या जोराने ओढते. ताशी तीन-सव्वातीन किलोमीटरच्या चालीने ही शक्ती जवळपास एक अश्वशक्ती भरते. एवढ्या तुटपुंज्या बळावर ती जोडी टनभर माल कसा नेते, याचे उत्तर चाकात आहे. वाहन ओढताना त्याचे सगळे वजन उचलावे लागत नाही, फक्त चाक लोळण्याला होणारा विरोध मोडावा लागतो आणि हा विरोध लोखंडी धाव बसवलेल्या चाकाला कच्च्या वाटेवर वजनाच्या पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास, तर रबरी टायरला डांबरी रस्त्यावर जेमतेम एक-दीड टक्का असतो. दीड टनाची मोटार सपाट रस्त्यावर दोन माणसे ढकलू शकतात ती यामुळेच. त्याच मोटारीला विसात एक असा चढ लागला, की वजनाचा विसावा भाग, म्हणजे ७५ किलो, त्यात वाढतो, आणि ती पावसाळ्यात काळ्या कपाशीच्या जमिनीत रुतली तर विरोध वजनाच्या पाव हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. आषाढ-श्रावणात शेतरस्त्यावर फसलेली जीप काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो तो अशा तीन-चारशे किलोच्या ओढीसाठी.

तरीही साखळ्या तुटतात त्या बहुधा भाराने नव्हे, तर हिसक्याने. ढिली पडलेली साखळी एकदम ताणली गेली, म्हणजे काय होते ते आकड्यांत मांडता येते. दीड टनाची मोटार आणि तिला ओढणारा जड ट्रक यांच्या वेगांत ताशी अवघ्या पाच किलोमीटरचा फरक असेल आणि साखळी ताणून घट्ट होईपर्यंत तो फरक पाच सेंटिमीटरच्या अंतरात भरून काढावा लागत असेल, तर साखळीवर सरासरी सुमारे तीन टनांचा ताण पडतो. तोच फरक ताणल्यावर अर्धा मीटर लांबणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्याने भरून काढला, तर ताण तीनशे किलोच्या आसपास राहतो. म्हणून जाणकार चालक आधी दोर हलक्या हाताने ताणून घेतो, मग क्लच सोडतो, आणि दोर ताणलेला असताना कोणालाही त्याच्या रेषेत उभे राहू देत नाही. तुटलेली साखळी किंवा उपटलेला हूक ज्या वेगाने मागे येतो, त्यापुढे काच टिकत नाही.

हूक कुठे लावायचा हेही माहीत असावे लागते. आजच्या बहुतेक मोटारींच्या बंपरमध्ये एका बाजूला छोटे चौकोनी किंवा गोल झाकण असते, ते काढल्यावर आत आटे पाडलेले भोक दिसते आणि त्यात पिळून बसवायचा लोखंडी हूक स्टेपनीजवळ, जॅक व पान्याच्या शेजारी ठेवलेला असतो. हा हूक थेट गाडीच्या सांगाड्याला भार देतो. घाईत बंपरला, स्टीअरिंगच्या दांड्याला किंवा सस्पेन्शनच्या पट्टीला दोर बांधला, तर बंद पडलेली गाडी मोडलेली होऊन गॅरेजमध्ये पोहोचते. ट्रॅक्टरच्या बाबतीत चूक याहून महागात पडते. दोर मागच्या धुऱ्याच्या वर कुठेतरी अडकवला, की ओढ लागताच ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उलटा फिरू पाहतो, पुढची चाके उचलली जातात आणि क्षणार्धात तो चालकावर कोसळू शकतो. ओढ नेहमी खालच्या हूकलाच हवी, असे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेले असते ते यासाठीच.

ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्याची अवस्था मात्र बाहेरून कळत नाही. इंजिन बंद असते म्हणून ब्रेकला जोर देणारा बूस्टर एक-दोन दाबांनंतर मदत करत नाही, पेडल दगडासारखे होते आणि पॉवर स्टीअरिंग जड होते. किल्ली काढून घेतली तर स्टीअरिंग कुलूपबंद होऊन गाडी पहिल्याच वळणावर सरळ जाते. गिअर न्यूट्रलमध्ये लागतो हे सर्वांना ठाऊक असते, पण ऑटोमॅटिक गिअरची गाडी चालणारी चाके जमिनीवर ठेवून दूरवर ओढली, तर इंजिनाबरोबर फिरणारा तेलाचा पंप बंद असल्याने गिअरपेटी आतून जळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अशी गाडी आणि बहुतेक इलेक्ट्रिक मोटारी सपाट पाटीच्या ट्रकवर चढवूनच न्याव्यात. अवजड ट्रकची गोष्ट तर उलटीच आहे. त्याचे पार्किंग ब्रेक हवेच्या दाबाने सुटतात आणि हवा नसली की स्प्रिंगच्या जोराने घट्ट लागतात. त्यामुळे टाक्यांतली हवा गेलेला ट्रक ओढण्यापूर्वी ओढणाऱ्या वाहनातून नळीने त्याला हवा द्यावी लागते, किंवा स्प्रिंग बोल्टने आवळून बांधावी लागते, आणि गिअरपेटी वाचवायची तर प्रोपेलर शाफ्टही सोडवावा लागतो. हे काम रस्त्याच्या कडेला झोपून, अंगावरून जाणाऱ्या ट्रकांच्या वाऱ्यात करायचे असते. घाटात तर हे आणखी अवघड होते. निर्मलच्या उत्तरेचा जुना महबूब घाट एकेकाळी आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या महामार्गावरच होता. घाटातल्या विसात एक अशा चढावर तीस टनांचा भरलेला ट्रक बंद पडला, तर नुसत्या चढासाठीच दीड टनाची ओढ लागते आणि उताराला त्याच ट्रकचा रेटा पुढच्या वाहनावर येतो. म्हणून घाटात दोरापेक्षा दांडा बरा, कारण दोर फक्त ओढू शकतो, दांडा अडवूही शकतो.

भारतीय कायद्याने हा सारा व्यवहार दोन वेगळ्या खान्यांत ठेवला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॅक्टर म्हणजे स्वतः भार वाहण्यासाठी न बनवलेले मोटार वाहन आणि ट्रेलर म्हणजे मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी बनवलेले वाहन, ज्यात साइडकार आणि सेमी-ट्रेलर येत नाहीत. सेमी-ट्रेलर वेगळा, कारण त्याचा काही भाग आणि वजनाचा काही हिस्सा पुढच्या वाहनावर टेकलेला असतो. महामार्गावरचे लांबलचक कंटेनरवाहू ट्रक याच प्रकारात मोडतात. ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसले तरी कायद्याच्या व्याख्येत तो मोटार वाहनच आहे आणि म्हणून त्याला स्वतःची नोंदणी लागते. ट्रॅक्टरची ट्रॉली हाही असा ट्रेलरच, आणि तिचा उल्लेख विम्यात नसल्यामुळे अपघातानंतर भरपाईचे दावे वर्षानुवर्षे रखडल्याची उदाहरणे न्यायालयांत पुष्कळ आहेत. थोडक्यात, ट्रॉली ओढणे ही ‘टो’ची नेहमीची, परवानगी असलेली अवस्था आहे, तर बंद गाडी ओढणे ही आणीबाणीची.

या आणीबाणीचे नियम १९८९ च्या रस्ता नियमांत अगदी बारकाईने सांगितले होते. बिघडलेले किंवा अर्धवट जुळवलेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर आणि साइडकार यांखेरीज दुसरे काही ओढायचे नाही, आणि बिघडलेले वाहन ओढायचे ते जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या चालकाच्या जागी ते वाहन चालवण्याचा परवाना असलेली व्यक्ती बसलेली हवी, नाहीतर त्याची पुढची, वळणारी चाके क्रेनने रस्त्यावरून उचललेली हवीत. दोन वाहनांतले अंतर ५ मीटरहून जास्त नको, दोर इतरांना सहज दिसेल असा हवा, वेग ताशी २४ किलोमीटरहून अधिक नको, आणि मागच्या वाहनाच्या पाठीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असे लिहिलेले हवे. २०१७ मध्ये या नियमांची जागा वाहन चालवण्याच्या नव्या विनियमांनी घेतली. जुन्या तरतुदींमागचे तर्कशास्त्र आजही जसेच्या तसे लागू पडते. पाच मीटरची मर्यादा तर विशेष शहाणपणाची, कारण मधल्या मोकळ्या जागेतून मोटारसायकल घालू पाहणाऱ्याला दोर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. ‘ऑन टो’च्या पाटीचे मात्र तसे नाही. तेलुगू, मराठी, उर्दू वाचणाऱ्यांच्या या रस्त्यावर ती इंग्रजी पाटी क्वचितच कोणाच्या गाडीवर असते आणि असली तरी तिचा अर्थ कळणारा त्याहून विरळा. दोराला बांधलेले लाल फडके त्या दोन शब्दांचे काम अधिक चांगले करते.

शहरातल्या वाचकाच्या ओळखीचा ‘टो’ याहून निराळा आहे. पुण्या-मुंबईत ‘गाडी टो झाली’ म्हणजे ती बिघडली असे नव्हे, तर ती पोलिसांनी उचलली असा अर्थ होतो, आणि दुचाकी तर खरोखर हातांनी उचलूनच व्हॅनवर चढवतात, तिथे ओढण्याचा भागच नसतो. या कारवाईचा आधार १९८८ च्याच कायद्याचे कलम १२७ हे आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले, अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकारी टोइंग सेवेकडून हलवू शकतो किंवा चाकाला कुलूप लावून जखडू शकतो. वाहन वाहतुकीला धोका ठरत असेल, तर ताबडतोब हलवता येते, आणि ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो. महामार्गावरच्या बिघाडासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची १०३३ ही चोवीस तासांची मदतवाहिनी आहे आणि पथकर वसूल होणाऱ्या टप्प्यांवर क्रेन व रुग्णवाहिका ठेवणे ही रस्ता चालवणाऱ्याची जबाबदारी असते. आदिलाबाद जिल्ह्यातील पिप्पलवाडा आणि रोलमामडा हे दोन्ही पथकर नाके याच टप्प्यांवर आहेत. ‘टोल’ भरला म्हणजे ‘टो’चीही सोय झाली, ही गोष्ट पुष्कळ वाहनमालकांच्या लक्षात येत नाही.

कापसाच्या हंगामात मात्र महामार्गावरचा खरा प्रश्न क्रेनचा नसून ट्रॉलीचा आहे. कापूस हलका आणि फुगीर असल्यामुळे ट्रॉलीच्या बाजू पोती किंवा पाट्या लावून उंच करतात, भार दोन्ही अंगांनी बाहेर येतो, आणि मागचा दिवा, असलाच तर, त्या ढिगाखाली झाकला जातो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणून उतारावर किंवा अचानक थांबताना मागचा भार ट्रॅक्टरला रेटतो आणि जोड कात्रीसारखा दुमडून ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणालाही बसवू नये, असे जुन्या रस्ता नियमांत स्पष्ट असतानाही दोन्ही चाकांच्या मडगार्डांवर माणसे बसलेली दिसतात. पहाटेच्या धुक्यात ताशी वीस किलोमीटरने चालणाऱ्या अशा ट्रॉलीच्या मागे ताशी ऐंशीने येणाऱ्या ट्रकचालकाला ती दिसते तेव्हा थांबायला जागा उरलेली नसते. मागचे वाहन दिसणे हे ओढण्याच्या सगळ्या तंत्रातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. लाल परावर्तक पट्टीला फार खर्च येत नाही. बाजार समितीच्या फाटकावर कापसातला ओलावा मोजला जातो, तसे ट्रॉलीची मागची बाजूही पाहिली जावी आणि पट्टी नसलेल्या ट्रॉलीला ती तिथेच चिकटवून द्यावी.